ध्वनिक्षेपकांची निवड कशी करावी?

घरीं गाणें ऐकण्याचें नवें यंत्र येणें ही मोठ्या आनंदाची गोष्ट असते. या यंत्राचे मुख्य भाग तीन. पहिला भाग तबकडीवरील किंवा अन्य रीतीनें सांठविलेलें गाणें वाचून त्याचा क्षीण विद्युत्प्रवाह बनवितो. दुसरा भाग, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्या प्रवाहास बळ देतो. आणि तिसरा भाग त्या प्रवाहाचें पुन्हां ध्वनींत रूपांतर करतो. हा तिसरा भाग म्हणजे ध्वनिक्षेपक; बोलण्यांत आपण त्यास स्पीकर म्हणतों. पहिले दोन भाग विकत घेऊन झाल्यावर स्पीकर निवडण्याची वेळ येते आणि पुष्कळ घरांत तेथेंच घोटाळा होतो. कोणी पेटीचा आकार पाहतो, कोणी लाकडाचा रंग पाहतो, तर कोणी दुकानदारानें सांगितलेल्या मोठ्या आंकड्यास भुलतो. पैसे खर्च होतात; आणि पुढें गायकाचा आवाज घोगरा कां वाटतो किंवा टिपेचे स्वर उमटेनासे कां झाले, याचें कारण कोणासच सांगतां येत नाहीं. वास्तविक तें कारण सांगतां येण्यासारखें असतें. शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या पदार्थविज्ञानापलीकडे फारसें कांहीं त्यास लागत नाहीं. म्हणून हा विषय क्रमाक्रमानें पाहूं.

१. स्पीकर कसा बोलतो

इ. स. १९२५ मध्यें चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघां अमेरिकन इंजिनियरांनीं ज्या प्रकारच्या ध्वनिक्षेपकाचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्याच जातीचे स्पीकर आजहि बहुतेक घरांत आहेत. एका बळकट लोहचुंबकाच्या फटींत बारीक तारेचें वेटोळें लोंबत असतें व तें शंकूच्या आकाराच्या एका हलक्या पडद्यास चिकटविलेलें असतें. वेटोळ्यांतून प्रवाह वाहूं लागला, कीं तें पुढें किंवा मागें ढकललें जातें. प्रवाह जसा उलटसुलट होतो, तसा पडदाहि पुढें-मागें हलतो आणि समोरील हवेस धक्के देतो. हे धक्के म्हणजेच ध्वनि.

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंप ऐकूं येतात. हवेंत ध्वनीचा वेग २० अंश सेंटिग्रेड उष्णतामानास सेकंदास सुमारें ३४३ मीटर असतो. यावरून हिशेब केल्यास ४० कंपांच्या खर्जाची लाट साडेआठ मीटरांहून अधिक लांब, तर १०,००० कंपांच्या तीव्र स्वराची लाट अवघी साडेतीन सेंटिमीटर लांब निघते. खर्जासाठीं पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून पडदा मोठा हवा. तीव्र स्वरासाठीं झटपट हलावें लागतें, म्हणून पडदा लहान व हलका हवा. एकाच पेटींत मोठा वूफर व लहान ट्वीटर असे दोन पडदे दिसतात, त्याचें कारण हें.

पेटीहि केवळ शोभेची नसते. पडदा पुढें सरकतांना मागची हवा विरळ होते. पेटी नसती तर पुढची दाबलेली हवा कडेनें वळून मागें गेली असती आणि खर्ज जागच्या जागीं जिरला असता. कांहीं पेट्या सर्व बाजूंनीं बंद असतात, तर कांहींस एक नळीसारखें भोंक असतें. भोंकाच्या पेटीचें अमेरिकन पेटंट आल्बर्ट थुरास यास इ. स. १९३२ मध्यें मिळालें. उलटपक्षीं, लहानशा बंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगेसारखा उपयोग करून खोल खर्ज काढतां येतो, हें एडगर व्हिल्चर यानें इ. स. १९५४ मध्यें करून दाखविलें. दोन्ही प्रकार चांगले आहेत. परंतु ज्या पेटीचें भोंक पाठीमागें असेल, ती भिंतीस चिकटवून ठेवूं नये.

२. पहिला मेळ: ओहम

जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनींतील एक शाळामास्तर होता. विद्युद्दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध सांगणारा त्याचा नियम इ. स. १८२७ मध्यें प्रसिद्ध झाला. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो, हें त्या नियमाचें सार. स्पीकरांतून उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहास जो एकंदर अडथळा होतो त्यास इंपीडन्स म्हणतात, आणि त्याचें मापहि ओहममध्येंच देतात. स्पीकरच्या पाठीवर ४, ६ किंवा ८ ओहम असें लिहिलेलें असतें तें हेंच.

समजा, आपला ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरास ३० वॅट देतो. गणित केल्यास त्या वेळीं दाब सुमारें साडेपंधरा व्होल्ट व प्रवाह सुमारें १.९ अँपियर येतो. त्याच दाबावर ४ ओहमचा स्पीकर जोडला तर प्रवाह सुमारें ३.९ अँपियर होईल, आणि २ ओहम झाल्यास पावणेआठ अँपियर. एवढा प्रवाह पुरविण्याची शक्ति यंत्रांत नसेल, तर तें तापतें, त्याचा रक्षक भाग त्यास बंद पाडतो किंवा आंतील भाग जळतात. म्हणून यंत्राच्या पाठीमागें कमींत कमी किती ओहमचा स्पीकर चालेल हें जें लिहिलेलें असतें, तें प्रथम वाचावें. स्पीकरचा आंकडा त्याहून कमी नसावा, अधिक असल्यास हरकत नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका खोलींत दोन स्पीकर असतांना माजघरांतहि गाणें ऐकूं यावें म्हणून पुष्कळ लोक त्याच तारांना आणखी दोन स्पीकर जोडतात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास ४ ओहम होतात. ४ ओहमचे दोन जोडल्यास २ च उरतात. कानास फरक कळत नाहीं, परंतु यंत्राच्या जिवावर बेततें.

३. दुसरा मेळ: संवेदनशक्ति

एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर स्पीकर किती मोठा आवाज काढतो, या मापास त्याची संवेदनशक्ति म्हणतात. ती डेसिबेलांत सांगतात. डेसिबेलाचें नांव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्यावरून पडलें. टेलिफोनचा हा जनक मुळांत बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. या मापाचे दोन नियम ध्यानांत ठेवावे: शक्ति दुप्पट केली कीं आवाज ३ डेसिबेलांनीं वाढतो; शक्ति दसपट केली कीं १० डेसिबेलांनीं वाढतो, आणि तेव्हां कुठें कानास तो सुमारें दुप्पट मोठा वाटतो.

याचा अर्थ किती दूरवर जातो, हें दोन प्रसिद्ध स्पीकरांवरून समजेल. अमेरिकेंतील आर्कान्सास संस्थानांत पॉल क्लिप्श यानें इ. स. १९४६ मध्यें आपला कारखाना काढून एक भला मोठा कर्णा बाजारांत आणला. तो खोलीच्या कोपऱ्यांत ठेवावयाचा असतो व कोपऱ्याच्या दोन भिंती याच त्या कर्ण्याच्या तोंडाचा भाग बनतात. त्याची संवेदनशक्ति सुमारें १०५ डेसिबेल सांगतात. दुसरा स्पीकर ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या इंजिनियरांनीं इ. स. १९७० नंतरच्या दशकांत तयार केला. बाहेरगांवच्या ध्वनिक्षेपणासाठीं जी मोटारगाडी नेत, तिच्या अडचणीच्या जागेंत मावावा, म्हणून त्याची उंची केवळ ३० सेंटिमीटर ठेविली. त्याची संवेदनशक्ति सुमारें ८३ डेसिबेल. दोहोंतील अंतर २२ डेसिबेल, म्हणजे शक्तीच्या भाषेंत सुमारें १५८ पट! पहिला जें काम एका वॅटांत करतो, तें करण्यास दुसऱ्यास दीडशेंहून अधिक वॅट लागतील, आणि तेवढे मिळण्यापूर्वींच तो बिचारा जळून जाईल.

मग दुसरा वाईट ठरला काय? मुळींच नाहीं. गाडींत इंजिनियर त्याच्यापासून हातभर अंतरावर बसत. त्यांना मोठा आवाज नको होता, निवेदकाचा स्वर जसाच्या तसा ऐकूं यावयास हवा होता. तें काम त्यानें इतकें उत्तम केलें, कीं पुढें तो लोकांच्या घरींहि गेला. उलट, क्लिप्शचा कर्णा त्या गाडींत मावलाहि नसता. तेव्हां ‘उत्तम स्पीकर कोणता?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या यंत्रास, कोणत्या खोलींत आणि कोणत्या कामासाठीं उत्तम, असें विचारलें पाहिजे.

४. वॅटचा खरा अर्थ

स्पीकरवर १०० वॅट लिहिलेले पाहून तो मोठा आवाज काढील अशी समजूत होते. ती चुकीची आहे. ॲम्प्लिफायरवरील वॅट ही त्याची देण्याची शक्ति. स्पीकरवरील वॅट ही त्याची सोसण्याची मर्यादा.

यावरून कोणी म्हणेल, कीं लहान यंत्र मोठ्या स्पीकरास कधींच इजा करणार नाहीं. हेंहि खरें नव्हे. यंत्राच्या शक्तीबाहेर आवाज वाढविला, म्हणजे प्रवाहाच्या गोल लाटांचे माथे कापले जातात व त्या चौकोनी दिसूं लागतात. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेंत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ति असते. म्हणजे ३० वॅटचें यंत्र ओरडतांना ६० पर्यंत देऊं शकतें. शिवाय कापलेल्या माथ्यांतून मूळ गाण्यांत नसलेले तीव्र स्वर उत्पन्न होतात आणि ते सारे ट्वीटरच्या वांट्यास येतात. त्याची तार केसासारखी बारीक, ती जळते. लग्नकार्यांत किंवा मेळाव्यांत घरचें यंत्र शेवटपर्यंत पिळल्यानंतर टिपेचे स्वर नाहींसे होतात, त्याचें रहस्य बहुधा हेंच असतें. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण यंत्रांसहि लागू आहे. आवाज कर्कश होऊं लागला, कीं हात आंवरावा.

५. तिसरा मेळ: खोली

स्पीकर कितीहि चांगला असला, तरी आपण ऐकतों तो त्याचा आणि खोलीचा मिळून आवाज. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें कांहीं ठराविक स्वरांच्या लाटा अडकून फुगतात. त्यांतील सर्वांत खालचा स्वर काढण्याची रीत सोपी आहे: ध्वनीच्या वेगास भिंतींमधील अंतराच्या दुपटीनें भागावें. १४ फुटांच्या खोलींत तो सुमारें ४० कंप येतो, १२ फुटांच्या सुमारें ४७ आणि १० फूट उंचीच्या सुमारें ५६. लांबी व रुंदी सारखी असेल, तर दोन्ही लाटा एकाच स्वरावर येऊन एका ठिकाणीं खर्ज घुमतो व दुसऱ्या ठिकाणीं नाहींसा होतो.

आपल्याकडील घरांत फरशी दगडी, भिंती चुन्या-सिमेंटच्या आणि छत उघडें असतें. टाळी वाजवून पाहा. लगेच थरथरता प्रतिध्वनि उमटेल. तेथें महागांतला महाग स्पीकरहि बोचरा वाटतो. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचें कपाट व गादी यांनीं तो बोचरेपणा कमी होतो, आणि या वस्तु बहुतेक घरांत असतातच. लहान खोलींत प्रचंड खर्जाचे स्पीकर आणणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड होय. कोपऱ्यांत ठेविल्यास साध्या स्पीकरचाहि खर्ज वाढतो. तो अति वाटल्यास पेट्या भिंतीपासून पुढें ओढाव्या. दोन स्पीकर व ऐकणारा हे सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचे तीन कोन असावे आणि ट्वीटर कानाच्या उंचीस यावा.

ऐकावयाचें काय, हेंहि ठरवावें. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषगायकाचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपांचा व त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारें ६९ कंपांची असते. ज्या घरांत मुख्यतः गायन, हार्मोनियम व सतार ऐकली जाते, तेथें मध्यम आकाराची पेटी पुरते. परंतु पाइप-ऑर्गनच्या १६ फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सुमारें ३३ कंपांचा असतो. तो जसाच्या तसा हवा असेल, तर मोठी पेटी, मोठी खोली व मोठी थैली तिन्ही लागतील.

६. एक सोडविलेलें उदाहरण

एका घरीं १२ फूट रुंद व १४ फूट लांब खोली आहे. यंत्र ८ ओहमवर प्रत्येक बाजूस ३० वॅट देतें. कमींत कमी ४ ओहम चालतात. ऐकणारे ३ मीटरांवर बसतात. दुकानांत दोन जोड्या आहेत. पहिली ८ ओहमची, संवेदनशक्ति ८८. दुसरी ४ ओहमची, तिच्या पत्रकावर ‘२.८३ व्होल्टवर ८७’ असें लिहिलेलें आहे. कोणती घ्यावी?

प्रथम दुसरीचा आंकडा तपासूं. २.८३ व्होल्ट ८ ओहमवर १ वॅट होतात, परंतु ४ ओहमवर २ वॅट होतात. म्हणजे ८७ हा आंकडा दोन वॅटांचा आहे. एका वॅटाचा खरा आंकडा ८४.

आतां अंतराचा हिशेब. मोकळ्या मैदानांत अंतर तिप्पट झाल्यास सुमारें साडेनऊ डेसिबेल कमी होतात. खोलींत भिंतींच्या साहाय्यानें घट त्याहून कमी असते. तरी जपून ९ धरूं. दोन स्पीकर मिळून ३ वाढतात. म्हणून एका वॅटांत पहिली जोडी खुर्चीपाशीं ८२ डेसिबेल देईल आणि दुसरी ७८.

घरांतील ऐकणें साधारण ७५ डेसिबेलांवर सुखाचें होतें. पण तबल्याची थाप किंवा तान यांचे शिखर त्याच्यावर १५ डेसिबेल जाऊं शकतें. तेव्हां ९० ची तयारी हवी. पहिल्या जोडीस आणखी ८ डेसिबेल, म्हणजे सुमारें ६.३ वॅट लागतील. दुसरीस १२ डेसिबेल, म्हणजे सुमारें १६ वॅट. यंत्राजवळ ३० आहेत. दोन्ही जोड्या चालतील. परंतु पहिली यंत्रास हलकी जाईल, प्रवाहहि कमी ओढील आणि पुढेंमागें आणखी एक जोडी जोडण्यास जागा ठेवील. इतर गुण सारखे असतील तर पहिली घ्यावी. मात्र दुसरीचा स्वर अधिक खरा वाटत असेल, तर गणित तिच्या आड येत नाहीं. गणित आपणांस अयोग्य वस्तूंपासून वांचवितें. योग्य वस्तूंतून शेवटची निवड कानानेंच करावयाची असते.

ती करतांना आपल्या परिचयाचें, शक्य तर एका गायकाचें व एका वाद्याचें, ध्वनिमुद्रण बरोबर न्यावें. फ्लेचर व मन्सन यांनीं इ. स. १९३३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असें दिसलें, कीं आवाज लहान असतांना कानास खर्ज विशेष कमी ऐकूं येतो. यास्तव जो स्पीकर जरा मोठ्यानें वाजतो तो अधिक भरदार भासतो. दोन्ही जोड्या सारख्याच मोठ्यानें वाजवावयास सांगाव्या. दुकानांत पहिल्या दोन मिनिटांत जो चमकदार वाटतो, तो अर्ध्या तासानें थकवितो कीं काय, हें बसून पाहावें.

७. जोडणी व एक प्रयोग

तारेस फार पैसे घालवूं नयेत. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या पांच मीटर दुहेरी तारेचा रोध सुमारें ०.१२ ओहम येतो. ८ ओहमपुढें तो नगण्य आहे. परंतु लाल टोंक लाल खुंटीस व काळें काळ्या खुंटीस हा नियम दोन्ही बाजूंस पाळावा. एका बाजूस उलट झाल्यास एक पडदा पुढें जातांना दुसरा मागें जातो, खर्ज एकमेकांस खाऊन टाकतो आणि गायक मधोमध उभा न भासतां कोठेंतरी विखुरल्यासारखा वाटतो.

हें तपासण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनीं वडिलांच्या देखत करावा. ॲम्प्लिफायरपासून तार सोडवावी आणि दीड व्होल्टच्या कोरड्या सेलचें धन टोंक लाल तारेस व ऋण टोंक काळ्या तारेस क्षणभरच टेंकवावें. वूफरचा पडदा पुढें आला तर जोडणी बरोबर. मागें गेला तर उलट. तारा सोडतांना व जोडतांना यंत्राचा प्रवाह बंदच असावा, हें सांगावयास नकोच.

८. कान व शेजार

आपल्या उदाहरणांतील पहिली जोडी ३० वॅट दिले असतां खुर्चीपाशीं सुमारें ९७ डेसिबेल देऊं शकते. हा आंकडा अभिमानाचा नव्हे. अमेरिकेंतील व्यवसायविषयक सुरक्षितता व आरोग्य यांच्या राष्ट्रीय संस्थेनें ८५ डेसिबेल आवाजास दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचविली आहे, आणि दर ३ डेसिबेलांस हा काळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि ९७ ला केवळ अर्धा तास. कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या, कीं मनुष्याच्या शरीरांत त्या पुन्हां उगवत नाहींत. जळलेला ट्वीटर बदलतां येतो; कान बदलतां येत नाहीं. ज्या घरांत तान्हें मूल, आजारी माणूस किंवा अभ्यास करणारा विद्यार्थी आहे, तेथें यंत्राची किल्ली कोठवर फिरवावी हें निराळें सांगण्याची गरज पडूं नये.

सारांश असा. प्रथम ओहम पाहावे, म्हणजे यंत्र सुरक्षित राहील. मग संवेदनशक्ति व अंतर यांवरून वॅट काढावे, म्हणजे पैसा व्यर्थ जाणार नाहीं. मग खोली व ऐकण्याची आवड पाहून पेटीचा आकार ठरवावा आणि अखेर कानास कौल लावावा. हे चारहि हिशेब एका कागदावर मावतात. पालकांस विनंति, कीं दुकानांत जाण्यापूर्वीं हा कागद आपल्या मुलाकडून किंवा मुलीकडून लिहवून घ्यावा. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम आपल्या घरच्या वस्तूस लागू पडतो, हें एकदां ज्यानें स्वतः पाहिलें, त्यास तो नियम पुन्हां पाठ करावा लागत नाहीं.